सतरा नंबरचा बिल्ला

ही रात्रीची गोष्ट नाही. आधीच सांगून ठेवते.

भुतं रात्रीच येतात असं ज्याने कुणी ठरवलं, त्याने आयुष्यात कधी दुपारची पाळी केलेली नसणार. ही गोष्ट शनिवारची आहे, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांची. बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं. आणि जागा म्हणजे वाटाणे गोठवून पिशव्यांत भरायचा एक कारखाना, त्यातली तीन नंबरची थंड खोली.

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण यातला एक शब्दही पदरचा नाही.

ही माझ्या आईची गोष्ट आहे. मी तेव्हा सहा वर्षांची होते. काही मी डोळ्यांनी पाहिलंय. बाकीचं आईने सांगितलं, तेही एकदाच.

आई आणि चिमणी एकाच दिवशी कामाला लागल्या होत्या. चिमणी हे तिचं खरं नाव नव्हे. अंगाने एवढीशी आणि तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू, म्हणून सगळे चिमणी म्हणायचे. आई तिच्या अगदी उलट, नाकासमोर चालणारी. पण दोघींचं असं जमलं की एकीला ठेच लागली तर दुसरी कळवळायची. जेवायला एकत्र, निघायला एकत्र. चिमणीचं लग्न झालं नव्हतं, घरी ती आणि तिची म्हातारी आई. "तुझ्या मुलीत अर्धा वाटा माझा," असं ती माझ्या आईला म्हणायची, आणि खरंच अर्ध्या वाट्याचे लाड करायची.

दोघींचं काम थंड खोलीत. उणे अठरा. जाड जर्किन, कानटोपी, हातमोजे घालून आत जायचं, खोकी रचायची आणि वीस मिनिटांत बाहेर यायचं.

त्या खोलीचा एक नियम होता. दाराबाहेर भिंतीवर एक लाकडी फळा, त्यावर ओळीने खिळे. प्रत्येकीकडे नंबर कोरलेला पितळी बिल्ला. आत जाताना आपला बिल्ला खिळ्यावर अडकवायचा आणि बाहेर आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. फळ्यावर एकही बिल्ला दिसला तर मुकादमाने दार लावायचं नाही. दार लावण्याआधी आत एक हाक मारायचाही नियम होता, पण फळा रिकामा असला की कोण कशाला घसा कोरडा करतो.

आईचा बिल्ला सोळा. चिमणीचा सतरा. खिळे शेजारी शेजारी.

आता चार वर्षं दोघी जोडीनेच बाहेर पडायच्या. जी पुढे असेल ती दोन्ही बिल्ले एकदम काढायची आणि एप्रनच्या खिशात टाकायची. फाटकाशी एकमेकींना द्यायच्या. नियमाला धरून नव्हतं, पण मुकादमही बघून न बघितल्यासारखं करायचा. त्यात वाईट काय होणार होतं?

त्या शनिवारी मला ताप होता. आईने मला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. शनिवारी अर्धा दिवस असतो, दोन वीसला दारं लागतात, ती थेट सोमवारी सकाळी उघडतात.

दोघी बाहेर आल्या तेव्हा आईच्या एका हातात हातमोजा नव्हता. आत खोक्यावर राहिला होता. तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला की काकूंचा फोन आहे, मुलीचा ताप चढलाय, लवकर या.

चिमणी म्हणाली, "तू पळ. बिल्ले काढ, मी मोजा घेऊन आलेच."

आईने बिल्ले काढले. दोन्ही. चार वर्षांच्या सवयीने.

आणि पळाली.

मुकादम आला. त्याने फळा पाहिला. फळा रिकामा होता. त्याने दार लावलं.

संध्याकाळी सात वाजता चिमणीची आई आमच्या दारात उभी होती. अजून घरी आली नाही, तुझ्याबरोबर होती ना, असं विचारत होती. आईने मला मांडीवर घेतलं होतं, कपाळावर ओल्या फडक्याची घडी होती. ती म्हणाली, बहिणीकडे गेली असेल. म्हातारी मान हलवत गेली.

मग आई एप्रन धुवायला टाकायला उठली. खिसे रिकामे करायला तिने हात घातला...

दोन बिल्ले.

हे मला पुढे आईनेच सांगितलं. म्हणाली, पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तसं काही झालं नाही. फक्त हात खिशातून बाहेर निघेना. मग तिने चपला घातल्या. गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिथे उभी राहिली. कारखाना बंद असेल, चावी साहेबाकडे, रखवालदार हसेल. चिमणी बहिणीकडेच असेल. आणि नसलीच तर... ते वाक्य तिने मनातही पुरं केलं नाही. मी घरात तापाने फणफणले होते. ती परत फिरली.

रविवार गेला.

सोमवारी दार उघडलं. चिमणी दाराला टेकून बसली होती. आतून दार उघडायचा दांडा होता, तो बर्फाने कधीचा धरला होता. घंटीचं बटण होतं, पण शनिवारी दोननंतर ती घंटी ऐकायला तिथे माणूस नसायचं.

तिचे हातमोजे काढलेले होते. नीट घडी करून शेजारी ठेवले होते, आणि त्यांच्यावर आईचा विसरलेला मोजा.

लोक म्हणाले, शेवटी भ्रम झाला असेल. आईला कारण कळलं होतं. मोज्यातल्या मुठीचा आवाज होत नाही. दारावर वाजवायला उघडी मूठ लागते.

चौकशी झाली. मुकादमाने छातीवर हात ठेवून सांगितलं की फळा रिकामा होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. निष्कर्ष निघाला की चिमणीने आत जाताना बिल्ला लावलाच नाही. बिल्ला कुठे सापडेना, म्हणजे तो तिने आधीच हरवला असणार. बेफिकीर होती पोरगी. बडबडीत लक्ष, कामात नाही. दोन दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. तिच्या आईसमोरसुद्धा.

माझ्या आईला विचारलं, तिने बिल्ला लावलेला तुम्ही पाहिला का?

आई म्हणाली, "आठवत नाही."

बिल्ला आमच्या घरात होता. बटणांच्या डब्यात, तळाशी.

पंधरा दिवसांनी ते सुरू झालं.

आई खिडकीत उभी राहून माझी वेणी घालत होती. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. एकदम तिच्या हातातून कंगवा पडला. तिने उचलला, पुन्हा पडला. मग तिने उजवा हात डोळ्यांसमोर धरला...

बोटं पांढरी पडली होती. खडूसारखी. मग नखांपाशी निळी.

मी घड्याळ बघायला नुकतीच शिकले होते. लहान काटा दोनच्या पुढे, मोठा चारवर.

अर्ध्या तासाने रंग परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन वीस. तिसऱ्या दिवशीही. सुट्टी असो, काम असो, घड्याळ घरात असो नसो. तिने एकदा घड्याळाचा सेलच काढून ठेवला. हाताला सेल लागत नव्हता.

मग आवाज.

आमच्याकडे जुना फ्रिज होता. त्याच्या आतून...

ठक. ठक. ठक.

थोडं थांबून पुन्हा तीन. जोरात नाही. दमलेल्या माणसाने वाजवावं तसं.

मी ऐकलंय. काकूंनीही ऐकलं, आणि मेकॅनिकला बोलवा म्हणाल्या. तो आला, पाठीमागचं झाकण उघडलं, नाक खाजवलं आणि फ्रिज ठणठणीत आहे म्हणाला. आईने फ्रिज रिकामा केला. वायर काढली. दार उघडं टाकलं.

दुसऱ्या दिवशी दोन वीसला कपाटातून आवाज आला.

आईने कपाटाची दारं काढली. मग खोलीचं दार. शेवटी बाथरूमचंही, तिथे पडदा लागला. बाबा ट्रकवर असायचे, महिन्याचे वीस दिवस बाहेर. ते आले आणि बघतच राहिले. म्हणाले, चोराला आता आत यायला लाजच वाटेल. आई हसली नाही. बाबांनी पुन्हा थट्टा केली नाही.

डॉक्टर झाले. पहिल्याने रक्त तपासलं. दुसऱ्याने हाताच्या शिरा तपासल्या, तारा लावल्या, कागद काढले. सगळं उत्तम. तिने कारखाना केव्हाच सोडला होता. हात मात्र दिवसेंदिवस वाईट होत चालला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता काळं दिसायला लागलं, टोकाला, पिकलेल्या जांभळासारखं. भर उन्हाळ्यात बर्फाने बोट झडावं, असं तिसऱ्या डॉक्टरने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने मनाच्या डॉक्टरीणबाईंच्या नावाने चिठ्ठी दिली.

त्या बाई चांगल्या होत्या. मला त्यांनी कागद आणि रंग दिले, म्हणून लक्षात आहेत. त्यांनी आईला समजावून सांगितलं की मोठा धक्का बसला की तो नुसता मनात राहत नाही. शरीर तो सांभाळून ठेवतं. कुणाची वाचा जाते, कुणाचे पाय जातात. तुम्ही ढोंग करत नाही, हे मला माहीत आहे.

मग म्हणाल्या, "तुम्ही तोंडाने जे सांगत नाही, ते हात सांगतोय. काय आहे ते?"

आईने मान खाली घातली. खाई त्याला खवखवे म्हणतात. तिने माझे रंग गोळा केले आणि आम्ही निघालो.

मला वाटतं, तिने हात जाऊ दिला असता. खरंच. तिने मनात हिशोब मांडला होता, ज्या हाताने बिल्ला काढला तो हात गेला की फिटलं. पुढे मला तिने हेच सांगितलं. म्हणाली, मी वाट बघत होते गं, कधी एकदा गळून पडतात ही बोटं.

पण तसं व्हायचं नव्हतं.

एक दिवस आई मला शाळेतून आणत होती. रस्त्यात माझं बोट तिच्या उजव्या हातात होतं. एरवी ती डावा हात द्यायची, त्या दिवशी डाव्या हातात पिशवी होती. चौकात आलो आणि तिचा हात थंड पडला. मी ओरडले नाही. मला फक्त वाटलं, कुणीतरी माझ्या बाहीतून पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी घरात चित्र काढत बसले होते, नेहमीसारखं डाव्या हाताने. आई स्वयंपाकघरात, माझ्यापासून दहा पावलांवर...

माझ्या हातातून रंगीत पेन्सिल पडली.

उचलली. पुन्हा पडली.

आईने तो आवाज ओळखला. ती धावत आली. माझ्या डाव्या हाताची बोटं पांढरी झाली होती. ती चोळत सुटली. स्वतःच्या काखेत धरली, तोंडाची वाफ दिली. आणि उन्हाने तापलेल्या त्या खोलीत तिच्या तोंडातून वाफ निघाली. दिसली. पांढरी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलं आईचं उचलतात, असं होतं. मीही तेव्हापासून पुष्कळ वाचलंय, आणि असं होतं हे मला पटतं. पण आठव्या दिवशी माझ्या अनामिकेचं नख काळं पडलं. ते कुठून उचललं, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

त्या दिवशी दोन वीसला आई जमिनीवर बसली आणि रडली. फ्रिजच्या उघड्या दाराकडे तोंड करून बोलली. माझा घे. दोन्ही घे. हिने काय केलंय? तुझा अर्धा वाटा आहे ना हिच्यात? तुझीच आहे ती.

आतून ठोके आले नाहीत. तेवढं एकदाच.

आईने डोळे पुसले. बटणांचा डबा पालथा केला. बटणं सगळीकडे घरंगळत गेली. बिल्ला तळाला चिकटून बसला होता, उलथन्याने सोडवावा लागला.

त्यावर बर्फाचा पापुद्रा होता. मी हात लावून पाहिलाय.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आईने मला कडेवर घेतलं आणि आधी चिमणीच्या घरी गेली. तिच्या आईला म्हणाली, माझ्याबरोबर चला. म्हातारीने कारण विचारलं नाही. रस्त्यात तिने माझा हात पाहिला, कडेवरून मला खाली उतरवायला लावलं आणि आता दिवसभर थंडगार असलेला तो हात दोन्ही तळव्यांत धरून चोळत चालली.

आम्ही कारखान्यात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. बायका निघायच्या तयारीत होत्या. तीन नंबरच्या दारापाशी मुकादम उभा होता, फळा रिकामा होता, त्याचा हात कडीवर होता.

आई गेली आणि सतराच्या खिळ्यावर बिल्ला अडकवला.

मुकादमाने बिल्ला पाहिला. मग आईला पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त असं उतरताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. दोन महिने त्यालाही झोप नसणार, हे आज कळतं.

"बिल्ला तिने लावला होता," आई म्हणाली. "मी काढला."

कॉम्प्रेसरची घरघर तेवढी चालू होती. आईने सगळं सांगितलं, मोजा, फोन, ताप. बेफिकीर ती नव्हती, मी होते. तिने मला पळ म्हटलं आणि माझ्यासाठी आत गेली.

म्हातारी अजून माझा हात चोळत होती. तिने शांतपणे विचारलं, "शनिवारी मी तुझ्याकडे आले होते. तेव्हा तुला माहीत होतं?"

"नाही. तुम्ही गेल्यावर कळलं. खिशात हात घातला तेव्हा."

"मग माझ्या मागे का नाही आलीस?"

त्याचं उत्तर आईला आजही देता आलेलं नाही.

मला वाटलं, आता ही माझा हात सोडणार. मी सहा वर्षांची होते, पण एवढं कळत होतं. तिचे तळवे थांबले. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग ती पुन्हा चोळायला लागली, पहिल्यापेक्षा जोरात. ती रडत होती आणि चोळत होती.

फळ्यावर बिल्ला होता. नियम म्हणजे नियम. मुकादमाने दार सताड उघडलं, आणि दोन महिन्यांपूर्वी जी हाक मारायची राहिली होती ती मारली.

"सतरा."

आतून नुसती थंड हवा आली.

"नंबराने नाही येणार ती," म्हातारी म्हणाली. आणि दारात उभी राहून तिने हाक दिली, लेकीला जेवायला बोलवावं तशी. "चिमणे, चल गं. घरी चल."

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं.

आत, रचलेल्या खोक्यांच्या मागे...

ठक. ठक. ठक.

मग दाराच्या जवळ. मग अगदी उंबऱ्याशी, दार उघडंच होतं तरी.

मग काही नाही. एक गारवा आमच्या पायांवरून बाहेर गेला. फळ्यावरचा बिल्ला हलला, खिळ्यावर दोनदा वाजला आणि थांबला.

माझा हात गरम झाला होता. आता तो म्हातारीच्या चोळण्याने की कशाने, ते मला विचारू नका.

आईची दोन बोटं वाचली नाहीत, टोकं कापावी लागली. माझं एक नख आजही नीट वाढत नाही. ठोके थांबले. चौकशीचा कागद बदलला, चिमणीच्या नावापुढची बेफिकिरी खोडली गेली. म्हातारी जिवंत होती तोवर आई रोज संध्याकाळी तिच्याकडे जायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. आमच्या घराला दारं मात्र पुन्हा लागली नाहीत.

इथेच संपवलं असतं. पण मागच्या महिन्यात कामानिमित्त त्या भागात गेले होते, पाय आपोआप कारखान्याकडे वळले. शनिवारच होता. मुकादम केव्हाच निवृत्त झालाय. त्याच्या जागी एक तरुण मुलगी आहे, तिने मला आत सोडलं.

फळा तोच आहे. सतरा अजून खिळ्यावर आहे. बिल्ला ज्याचा त्यानेच काढायचा, म्हणून कुणी हात लावत नाही.

सगळ्या बायका बाहेर आल्या, आपापले बिल्ले काढून गेल्या. मुलीने दार लावण्याआधी आत डोकं घातलं, "सतरा, चल गं" म्हणाली, थोडी थांबली आणि मगच कडी घातली.

मी विचारलं, कुणाला हाक मारलीस? ती म्हणाली, माहीत नाही ताई, इथली रीतच आहे.

मी हसून म्हटलं, "आतून उत्तर तर येत नसेल ना?"

ती कुलूप लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज नाही येत."

मी घड्याळाकडे बघितलं नाही. डावा हात खिशात घातला आणि उन्हात येऊन उभी राहिले.